हिरवं असतंच की

परवा नर्सरीत एक काका दिसले. मी माझं काहीतरी बघत होते आणि ते शेजारच्या रांगेत उभे होते. साठी कधीच ओलांडलेले, पायात मातीने भरलेल्या चपला, म्हणजे बागेत स्वतः राबणारा माणूस. त्यांनी तिथल्या मुलाला विचारलं, "एकच झाड लावायचंय बाळा, जागाच तेवढी आहे. पण बारा महिने रंग दिसला पाहिजे. असं काय आहे तुझ्याकडे?" त्या मुलाने जराही विचार न करता लालभडक फुलांनी लगडलेलं एक कलम पुढे ओढलं. "हे न्या काका, बारमाही आहे." काकांनी फुलांकडे फारसं बघितलंच नाही, खालचं एक पान दोन बोटांत धरलं, अंगठ्याने चोळून बघितलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "आणि फुलं नसतील तेव्हा?" मुलगा म्हणाला, "तेव्हा काय, हिरवं असतंच की." काका थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग मान हलवून काहीच न घेता निघून गेले.

मला ते "असतंच की" घरी येईपर्यंत टोचत राहिलं. त्या मुलाला दोष द्यायचा नाहीये, दिवसभर शंभर माणसं येऊन फुलं कुठली, फुलं किती दिवस, एवढंच विचारतात, तो तरी काय करणार. पण साधा हिशोब आहे, कितीही भरभरून फुलणारं झाड घेतलं तरी ऐन भरात ते वर्षातले दोनतीन महिने असतं, बाकीचे दिवस आपण बघत असतो ती पानं. खिडकीतून, चहा पिताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलत येरझाऱ्या घालताना नजर जाते ती त्या पानांवर. आणि त्याच पानांबद्दल आपण झाड घेताना काही म्हणजे काही विचारत नाही. ते काका विचारत होते आणि त्यांना उत्तर मिळालं नाही.

आमच्या शाळेच्या आवारात बकुळ होती. सगळ्यांसारखीच मीही सकाळी लवकर जाऊन फुलं वेचायचे, ती दप्तरात वाळून जायची तरी वास जायचा नाही वगैरे वगैरे, बकुळीबद्दल हे सगळे सांगतातच. पण आता डोळे मिटले की मला जास्त आठवतं ते तिचं पान. काळपट हिरवं, जाडसर, कडा वर-खाली वळण घेत गेलेल्या, आणि वरून एकदम तुकतुकीत. दुपारच्या उन्हात वर्गाच्या खिडकीतून बघितलं की झाडाचा वरचा भाग हिरवा दिसायचाच नाही, पांढरा दिसायचा, कारण त्या तुकतुकीत पानांवरून उजेड परतून यायचा. पाऊस सुरू झाला की तेच झाड गडद, जवळजवळ काळं. आणि मधूनच कधीतरी त्या काळ्यात पिवळी-शेंदरी छोटी फळं. तेव्हा हे सगळं बघत होते हेही मला माहीत नव्हतं, गणिताच्या तासाला बाहेर बघायला तेवढंच होतं. पण वर्षभर एक झाड बघणं म्हणजे काय ते मी तिथे शिकले, आणि त्यात फुलांचा वाटा फारच थोडा होता.

सीता अशोकाची पालवी जवळून बघितली आहे का कधी? फुलं नाही, पालवी. फांदीच्या टोकाला एक लांबट, मिटलेली गुंडाळी येते आणि एके दिवशी ती सुटते, आणि आतून पानांचा अख्खा घोस खाली लोंबायला लागतो. ओल्या रेशमी फडक्यासारखा, अजिबात ताठपणा नाही. हात लावला तर थंड आणि इतका मऊ की हे पान आहे यावर विश्वास बसत नाही. रंग आधी तांबूस-तपकिरी, काही ठिकाणी जांभळट झाक, मग तांब्यासारखा, मग फिकट पोपटी, आणि या सगळ्या काळात पान हळूहळू ताठ होत, वर उचललं जात, शेवटी नेहमीचं गडद हिरवं होतं. एकाच झाडावर एकाच वेळी या सगळ्या पायऱ्या दिसतात, कारण सगळी टोकं काही एकदम फुटत नाहीत. फुलांचं म्हणाल तर तीही अशीच, उमलताना पिवळी-केशरी आणि जुनी होत जाताना लाल, आणि गंमत म्हणजे त्यांना पाकळ्याच नसतात, आपण ज्याला पाकळ्या समजतो तो फुलाचा निदलपुंज असतो, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारं आवरण. पण मला विचाराल तर हे झाड पालवीसाठी लावावं.

हा लाल रंग येतो कुठून, तर अँथोसायनिनमधून. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, त्या आधी हे लाल रंगद्रव्य तयार होतं. ते कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतं असं एक स्पष्टीकरण आहे, पानं खाणाऱ्या किड्यांना हे पान नकोसं वाटतं असं दुसरं. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी सदाहरित झाडांमध्ये हे दिसतं. आंब्याची तांबूस पालवी सगळ्यांना माहीत आहे, दालचिनीची गुलाबी-लाल असते, आणि नागकेशराची तर काय सांगू, अख्खं झाड लालसर गुलाबी होतं, लांबून बघणाऱ्याला फुललंय असंच वाटतं. कुंपणाला सर्रास लावतात तो खोटा अशोक, तो उंच सरळसोट वाढणारा, त्याचीही नवी पानं तांबूस, पातळ आणि चमकदार असतात. पण त्याला आपण भिंतच समजतो, त्यामुळे बघतच नाही.

थोडक्यात, न फुलतासुद्धा झाड रंग दाखवतं, फक्त तो कधी येतो ते माहीत पाहिजे.

इथे एक गैरसमज आहे आणि तो मला फार ठिकाणी भेटतो. सदाहरित म्हणजे पानं गळत नाहीत. "कचरा नको म्हणून एव्हरग्रीन लावलं" असं लोक म्हणतात आणि मग वर्षभर झाडू मारत वैतागतात. गळतात हो, सगळ्यांचीच गळतात, फक्त सगळी एकदम गळून झाड उघडं पडत नाही. नवं पान आलं की जुनं जातं, काही झाडांत हे थोडं थोडं वर्षभर चालतं, काहींत पालवीच्या आगेमागे महिनाभर जोरात. प्रत्येक झाडाच्या पानाचं आयुष्य ठरलेलं असतं. पाइनच्या सुया साधारण दोनपाच वर्षं टिकतात, आणि अमेरिकेतल्या कोरड्या उंच डोंगरांवरचा ब्रिसलकोन पाइन आपल्या सुया ३० वर्षंसुद्धा सांभाळतो. मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराचं पान गळतं तेव्हा ते चामड्याइतकं चिवट असतं, लवकर कुजत नाही, खाली गवत लावलं असेल तर ते त्याखाली गुदमरतं. ज्याला अंगण रोज स्वच्छ हवंय त्याने हे आधी बघावं. मला स्वतःला ती तपकिरी पानं आवडतात, पायाखाली वाजतात, पण घरात प्रत्येकाला आवडतील असं नाही.

मॅग्नोलियाचा विषय निघालाच आहे तर. त्याच्या पानाची वरची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि खालची गंजाच्या रंगाची, लव असलेली, बोट फिरवलं तर मखमल. वारा आला की पानं उलटतात आणि हिरव्या झाडात तांबडा रंग हलतो. फुलं अवाढव्य असतात, २० ते ३० सेंटीमीटर रुंद, पण ती मोजकी आणि वरवर, पाच-दहा दिवसांत एखादं बघायला मिळालं तरी खूप. खालच्या बाजूचा तो तांबडा मात्र रोजचा आहे. नागकेशराच्या पानाची खालची बाजू पांढरट-राखाडी असते. नर्सरीत त्या काकांनी पान उलटं करून बघितलं ना, ते मला म्हणूनच फार पटलं. पान उलटं न करता झाड घेऊ नये.

आता नर्सरीत रंगीत पानांची म्हणून जी झाडं पुढे मांडलेली असतात त्यांचं थोडं बोलायला हवं, कारण पैसे तिथेच जातात. पिवळ्या पानांचं गोल्डन फायकस किंवा गोल्डन थुजा, उन्हात सोन्याचं दिसतं, सावलीत लावलं की काही दिवसांत साधं हिरवं. तो पिवळेपणा उन्हावर अवलंबून आहे. हिरव्यावर पांढरे पट्टे असलेली व्हेरिगेटेड झाडं, त्यांच्यात मधूनच एखादी अख्खी हिरवी फांदी फुटते, आणि तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते. तिथल्या तिथे, जिथून फुटली तिथूनच काढली नाही तर वर्षा-दोन वर्षांत सगळं झाड हिरवं होऊन बसतं. लाल शेंड्यांचं फोटिनिया, नाहीतर कुंपणाला लावतात ते सिझिजियम, त्यांचा लाल हा नव्या फुटीचा लाल आहे, छाटत राहाल तोवर येत राहील, छाटणी थांबली की हिरवं. निळा स्प्रूस थंड हवेचा, त्याचा निळेपणा म्हणजे सुईवरचा मेणाचा थर, बोटाने घासला तर पुसला जातो आणि खाली हिरवंच असतं, म्हणून नव्या सुया निळ्या आणि जुन्या हिरवट. हॉलीची लाल फळं हवी असतील तर मादी झाडच घ्यावं लागतं आणि जवळपास नरही लागतो, आणि नावावर जाल तर फसाल, 'गोल्डन किंग' नावाची जात मादी आहे आणि 'गोल्डन क्वीन' नर. हे सगळं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट मला व्हेरिगेटेड पानं आवडतात, अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांच्यासारखं काही नाही. पण या प्रत्येक रंगामागे काहीतरी काम आहे, कधी ऊन, कधी कात्री, कधी जोडीदार झाड, आणि ते काम आपण करणार आहोत का हे घेतानाच कळायला हवं.

रंग कुठल्या वेळी बघणार हेही कोणी विचारत नाही. संध्याकाळी उजेड कमी होत जातो तसा आपल्या डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो, काळा पडतो, आणि निळसर-हिरवा बराच वेळ टिकतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. भर उजेडात डोळा सगळ्यात संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या उजेडाला, म्हणजे पोपटी हिरव्याला, आणि अंधारात ती संवेदनशीलता निळ्याकडे सरकते. आता विचार करा, दिवसभर नोकरीला असणारा माणूस बाग बघतो कधी, तर सकाळी घाईत आणि संध्याकाळी दिवेलागणीला. त्याने हौसेने लाल-तांबड्या पानांचं झाड लावलं तर रोज घरी येईपर्यंत ते काळं झालेलं असणार. त्याला चंदेरी, राखाडी छटेचं किंवा पांढऱ्या कडांचं पान हवं, नाहीतर बकुळीसारखं तुकतुकीत, जे उरलासुरला उजेडही परत पाठवतं. निवृत्त माणसाला दुपार आहे, त्याला लाल पालवी. मला हा भाग कळला तेव्हा मी कितीतरी वेळ संध्याकाळी बाहेर उभी राहून कुठलं पान आधी विझतं ते बघत बसायचे, आणि खरंच, क्रोटनची लाल पानं पहिली जातात.

मग आकार. हे मी थोडं कळकळीने सांगते कारण कुंडीतलं झाड बघून कोणालाच कल्पना येत नाही. वेल्समध्ये १८८८ साली लेटन हॉलच्या बागेत सायप्रस म्हणतात त्या सूचिपर्णी झाडांच्या दोन वेगळ्या जातींचा आपोआप संकर झाला. मूळची दोन्ही झाडं उत्तर अमेरिकेची, पण तिथे एकमेकांपासून लांब वाढणारी, इथे शेजारी लावल्यामुळे त्यांची गाठ पडली. त्यातून आला लेलँड सायप्रस. दाट, कायम हिरवा, वर्षाला जवळपास एक मीटर वाढणारा. लोकांनी आडोशाला म्हणून लाखोंनी लावला. आणि मग तो शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर चढला, खोल्या अंधारल्या, भांडणं कोर्टापर्यंत गेली, शेवटी ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भाग घालावा लागला. तो कायदा दोन मीटरपेक्षा उंच कुंपणाबद्दल आहे आणि तेही सदाहरित किंवा निमसदाहरित झाडांच्याच. पानगळीच्या झाडांना तो लागू नाही. का, तर ती हिवाळ्यात तरी ऊन आत सोडतात. हे वाचलं तेव्हा मी एकदम गप्प झाले. आपण बारा महिने हिरवं मागतो तेव्हा बारा महिने सावलीही मागत असतो, आणि ती कोणाच्या अंगावर पडणार आहे ते बघत नाही.

कात्रीने आवरता येईल असंही समजू नये. बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या, पानं नसलेल्या फांदीवर पुन्हा फुटत नाहीत. थुजा किंवा सायप्रस आतल्या तपकिरी लाकडापर्यंत छाटला तर तिथे भगदाड पडतं ते पडतंच. यू नावाच्या झाडासारखा एखादाच अपवाद. रुंद पानांची झाडं छाटणी जास्त सोसतात, पण पंधरा मीटर व्हायचा स्वभाव असलेल्या झाडाला दर वर्षी तीन मीटरला आणून ठेवणं म्हणजे झाडाचेही हाल आणि माणसाचेही. फायकसची तर मुळंही बघावी लागतात, ती ओलाव्याच्या मागे पाइपात शिरतात, फरशा उचलतात. घराला लागून फायकस नको, कितीही सुंदर असला तरी.

वासाबद्दल मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. सप्तपर्णी पानांनी किती देखणी आहे, एका पेरावर सातेक पानांचं चक्र, त्यावर दुसरं चक्र, फांद्याही मजल्यामजल्याने. 'स्कोलॅरिस' हे तिच्या शास्त्रीय नावातलं पद आलं ते पूर्वी तिच्या लाकडाच्या शाळेतल्या पाट्या करत म्हणून. पण पावसाळा संपल्यावर ती फुलते तेव्हा रात्री तिचा वास असा काही सुटतो की काहींना तो हवाहवासा वाटतो आणि काहींचं डोकं उठतं. मला आवडतो, पण शेजारच्या घरात कोणाला तरी रात्रभर खिडकी लावून बसावं लागणार असेल तर मला ते झाड लावणं जमणार नाही.

त्या काकांना मी काय सांगितलं असतं हा विचार मी बरेच दिवस करत होते. बहुतेक हेच, की काका, झाड त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघा. फुललेलं असताना सगळीच छान दिसतात. थुजा कडक थंडीत तपकिरी पडतो, तेव्हा बघा. रुंद पानांचं झाड भर उन्हाळ्यात बघा, पानांवर धूळ बसलेली, कडा करपलेल्या, पालवी संपलेली, फुलांचा पत्ता नाही. कुंडीतलं रोप बघून काही कळत नाही, कुठेतरी वाढलेलं मोठं झाड शोधा, बागेत, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या आवारात, आणि त्याच्याखाली दहा मिनिटं उभे राहा, खाली काय काय पडलंय ते बघा, सावली किती दाट आहे ते बघा, लांब जाऊन त्याचा हिरवा मागच्या भिंतीवर कसा उठून दिसतो ते बघा. त्या दिवशीही ते आवडलं तर घ्या. आणि रोप घेताना मोठ्या उंचीला भुलू नका, कुंडीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरून एकमेकांना आवळतात. गुडघ्याएवढं, सरळ मुळांचं रोप जमिनीत लवकर स्थिरावतं आणि बऱ्याचदा त्या उंच रोपाला मागे टाकतं. लावताना खोडाचा बुंधा जिथे मुळांकडे रुंद होतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, खोल गाडायचं नाही.

आमच्याकडेही एका झाडाची जागा रिकामी आहे, उत्तरेच्या बाजूला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो तेव्हा त्याची सावली भाजीच्या वाफ्यावर पडणार नाही. माझं मन नागकेशरावर आहे. ती गुलाबी-लाल पालवी, खाली राखाडी पान, आणि मधोमध सोनेरी केसरांचा गुच्छ असलेलं पांढरं फूल. श्रीलंकेचं ते राष्ट्रीय झाड आहे, १९८६ मध्ये तसं जाहीर झालं, आणि लाकूड इतकं कठीण की इंग्रजीत त्याला आयर्नवुड म्हणतात. पण तो कठीणपणा सावकाश वाढण्यातून येतो, भराभर वाढणाऱ्या झाडांतलं हे नाहीच. आई म्हणते, "मला बघायला मिळेल असं काहीतरी लाव गं, कलमी सोनचाफा लाव, तो लगेच फुलतो." तिचं चूक नाही. सोनचाफ्याचं पान मोठं, फिकट, पालवीला काही रंग नाही, माझ्या सगळ्या कसोट्यांवर तो नागकेशराच्या मागे पडतो, पण तिच्या मुद्द्यापुढे माझ्या कसोट्या लावायला मला जड जातं. सध्या आमचं एवढंच ठरलंय की दोन्ही झाडांना फुलं नसतील अशा दिवसांत, चांगला वाढलेला सोनचाफा आणि चांगलं वाढलेलं नागकेशर दोघी मिळून बघून यायचं. तिने बकुळीचंही नाव घातलंय यादीत, म्हणजे बहुतेक तिथेच तडजोड होईल.